एका डिस्कवरचे दोन आवाज

साधी ऑडिओ सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घेणं हे काही काम राहिलेलं नाही. ड्राइव्हमध्ये टाका, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी चालू करा, चहा करून या, फ्लॅक फायली तयार! पण एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, हे प्रकरण वेगळं आहे. सोनी आणि फिलिप्सने १९९९ मध्ये ती आणली आणि कॉम्प्युटरला ती वाचताच येऊ नये याची सोय पहिल्या दिवसापासून करून ठेवली.

बऱ्याच एसएसीडी हायब्रिड असतात. एकाच चकतीत दोन थर. एक साध्या सीडीचा, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. दुसऱ्यात फक्त १ बिट, पण सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला पहिलाच दिसतो. दुसऱ्याला कुलूप, आणि ते उघडायला लागणारी माहिती चकतीवरच्या खळग्यांच्या आकारात लपवलेली. ज्याने हे डिझाइन केलं त्याला इंजिनिअर म्हणून सलाम, गिऱ्हाईक म्हणून शिव्या.

हा उपद्व्याप सुरू झाला तो मामामुळे. अमेरिकेतून परतताना त्याने अशा नऊ डिस्क आणल्या होत्या. गेल्या वर्षी त्याच्या प्लेअरचं लेझर गेलं. बुधवार पेठेत दोन ठिकाणी फिरलो, पार्ट मिळत नाही म्हणाले. म्हणजे डिस्क शाबूत, पैसे कधीच मोजलेले, आणि वरचा थर कायमचा मुका.

यावर लोकांनी शोधलेले दोन मार्ग आहेत. पहिला २०११ च्या सुमाराचा: जुनं प्लेस्टेशन ३, तेही फर्मवेअर ३.५५ किंवा त्याआधीचं. असलं यंत्र आज शोधणं म्हणजे दिव्यच. दुसरा मार्ग सोपा. मीडियाटेकची ठरावीक चिप असलेले काही ब्लू-रे प्लेअर (ओप्पो बीडीपी-१०३ त्यातला प्रसिद्ध) पेन ड्राइव्हवरून एक छोटी स्क्रिप्ट चालवू देतात. मग प्लेअर स्वतःकडच्या किल्लीने डिस्क उघडतो आणि घरच्या नेटवर्कवरून डेटा कॉम्प्युटरकडे पाठवतो. मी कुलूप फोडत नाही, घरमालकालाच दार उघडायला लावतो! (कायद्याचं विचाराल तर २०१२ च्या दुरुस्तीत असं कुलूप तोडणं गुन्हा ठरतं ते हक्कभंगाच्या हेतूने केलं तर. मामाच्या डिस्कची मामासाठी प्रत, असो.)

जुना प्लेअर मिळवला, एक शनिवार घालवला. पहिली डिस्क 'द डार्क साइड ऑफ द मून', २००३ ची आवृत्ती. आता वरचा थर आणि सीडीचा थर शेजारी ठेवून ऐकता येत होते. फरक? पहिल्या मिनिटात कळतो. वरच्या थरात घड्याळं अंगावर येतात, सीडीच्या थरात सगळं एकाच उंचीवर चेपल्यासारखं.

झालं, हाय रेझोल्यूशनचा विजय! पण मन मानेना. मग वरचाच थर घेऊन मी त्याची साधी १६ बिट ४४.१ ची प्रत केली, दोन्हींची पातळी नीट जुळवली (हे महत्त्वाचं, कारण थोडा मोठा आवाज नेहमीच 'चांगला' वाटतो) आणि फूबारमध्ये एबीएक्स चाचणी लावली. कोणती कुठली हे न कळता ओळखायचं. सोळापैकी नऊ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही ५५४ पैकी २७६ उत्तरंच बरोबर आली होती, ५० टक्क्यांच्या किंचित खाली.

म्हणजे कानाला कळतो तो आकड्यांचा फरक नाही, मास्टरिंगचा आहे. सीडीच्या थरासाठी तेच संगीत जास्त कंप्रेस केलंय. उत्तम मास्टर साध्या सीडीतही मावलं असतं, पण ठेवलंय कुलपाआड. कोणी २५ किलोहर्ट्झच्या वरचा स्पेक्ट्रम दाखवून 'बघा, वर केवढं संगीत आहे' म्हणालं तर एवढंच लक्षात ठेवा की तिथे बराचसा नॉइज असतो, १ बिटच्या पद्धतीने मुद्दाम वर ढकललेला.

मामाचं वय सत्तर. कानाच्या डॉक्टरांनी ८ किलोहर्ट्झच्या वरचं जवळजवळ गेल्याचं सांगितलंय. तरी न सांगता दोन्ही थर ऐकवले तर म्हणाला, "अरे, हा दुसरा कुणीतरी उशीत तोंड खुपसून वाजवतोय." तो सीडीचा थर होता.

आता २४ बिट ८८.२ मध्ये फ्लॅक करून ठेवतोय. २८२२.४ ला ३२ ने भागलं की बरोबर ८८.२ येतात, म्हणून तो आकडा. शिवाय मूळ आयएसओही जपलेत. सात डिस्क झाल्या. आठवीच्या कडेला ढगाळ डाग आहे, नवव्या ट्रॅकपाशी येऊन प्लेअर अडकतो. डिस्क पुसून, उद्या पुन्हा लावणार आहे.