चोर्ल्याचा उतार आणि बाबांची डायरी

आमच्या घरात पेट्रोलची एक डायरी आहे. बाबांनी १९८६ साली चेतक स्कूटर घेतली, तेव्हा ती सुरू झाली. तारीख, मीटरचा आकडा, किती लिटर, किती पैसे आणि शेवटच्या रकान्यात 'शेरा'. 'प्लग साफ केला.' 'चार माणसं, पाऊस.' माझा जन्म झाला त्या दिवशीचीही नोंद आहे: 'दवाखाना, तीन फेऱ्या.' स्कूटर गेली, मारुती ८०० आली, तीही गेली. वह्या बदलल्या, रकाने तेच राहिले.

दोन वर्षांपूर्वी बाबांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी आधी रात्रीची गाडी बंद केली. दिवसाची बाबांनी स्वतःच बंद केली. एका सकाळी त्यांनी किल्ली माझ्यापुढे टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कडेचं दिसत नाही मला. उगीच कुणाचं तरी पोर यायचं मध्ये." एवढंच. त्यानंतर डायरीत नोंद नव्हती.

त्या दोन वर्षांत आणखी एक गोष्ट बंद पडली होती. गोव्यात साखळीला माझी आत्या असते. भाऊबीजेला बाबा स्वतः गाडी चालवत तिच्याकडे जायचे, चोर्ला घाटातून. "बसने जाऊ या," म्हटलं की "बघू की" म्हणायचे. आमच्या बेळगावात 'बघू की' म्हणजे 'नाही'. म्हणून गेल्या वर्षी मी हायब्रीड गाडी घेतली, तेव्हा पहिला लांबचा प्रवास ठरलेलाच होता.

गाडी घेण्याआधी मी बरंच वाचलं होतं. जपानमध्ये पहिली प्रियस १९९७ च्या डिसेंबरात आली. आपल्याकडे मध्यम किमतीच्या गाड्यांत ही सोय २०२२ मध्ये दिसू लागली: होंडा सिटी, हायरायडर, ग्रँड व्हिटारा. दीड लिटरचं इंजिन, सोबत मोटर, मागे लहान बॅटरी. घरी चार्जिंग करायची भानगड नाही, कारण चार्जरची पिनच नाही. मी बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मग बॅटरीत वीज येते कुठून?"

हा प्रश्न किती नेमका होता ते मला चोर्ल्यात कळलं.

भाऊबीजेच्या पहाटे टिळकवाडीतून निघालो. बाबा डावीकडे, मांडीवर कुंद्याचा पुडा आणि खिशात डायरी. आदल्या रात्री त्यांनी टाकी फुल्ल करून घेतली होती. त्यांचा नियम आहे: तोच पंप, तेच नोझल आणि पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, वर ठासून भरायचं नाही. मी मात्र बटणाच्या मोहात होतो. 'ईव्ही मोड' दाबला आणि गाडी गल्लीतून आवाज न करता बाहेर पडली. रांगोळ्या, आकाशकंदील, कुणाच्या तरी अंगणात विझत आलेली पणती, आणि आम्ही नुसते सरकतोय. "बघा बाबा, एक थेंब पेट्रोल नाही!"

पिरनवाडीच्या अलीकडेच बॅटरीच्या पट्ट्या दोनवर आल्या. ईव्ही मोड आपोआप सुटला, इंजिन जागं झालं आणि सपाट रस्त्यावरही गरजेपेक्षा मोठ्यानं चालू लागलं. ते गाडीही ओढत होतं आणि रिकामी बॅटरीही भरत होतं. बाबा म्हणाले, "उधारी फेडतंय वाटतं."

अगदी तेच. पेट्रोल जाळून वीज करायची, ती बॅटरीत ठेवायची, मग काढून मोटर फिरवायची; दर टप्प्याला थोडी गळती. त्यापेक्षा इंजिनानं थेट चाकं फिरवलेली बरी. कधी काय वापरायचं ते गाडीला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पहाटे शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून ते बटण ठीक आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी ते नाही.

किणये गेलं, कुसमळीचा मलप्रभेवरचा पूल गेला. जांबोटीला चहा घेतला. तिथून पुढे झाडी दाट होत जाते, हवा बदलते. कणकुंबीला बाबांनी माउलीच्या देवळाकडे बघून हात जोडले. मलप्रभा इथंच उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. थोडं पुढे गेलं की पडणारं पाणी पश्चिमेला वळतं, म्हादईकडे, अरबी समुद्राकडे. चोर्ल्याच्या परिसरात कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा एकमेकांना येऊन भिडतात. आमच्यासारख्या घरांची नातीही अशीच तिन्हीकडे पांगलेली आहेत, त्यामुळे हा रस्ता आम्हाला परका वाटत नाही.

घाट सुरू झाला तसे बाबा सावरून बसले. "आता न्यूट्रल कर."

हा त्यांचा जुना शिरस्ता. मारुती ८०० ते घाटात न्यूट्रलवर सोडायचे, क्वचित इंजिनही बंद करायचे. त्या काळी कित्येकांना ती हुशारी वाटायची. खरं तर इंजिन बंद केलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि गाडी आवरायला पाय खूपच जोरात दाबावा लागतो. पेट्रोलचंही म्हणाल, तर आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं जळत राहतं. आणि आमच्या हायब्रीडमध्ये न्यूट्रल केलं तर उतारावर बॅटरी भरतच नाही. मी तसं सांगितलं. बाबा गप्प बसले, पण त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेला मला दिसत होता.

मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला. समोरच्या पडद्यावर चाकांकडून बॅटरीकडे जाणारा बाण उमटला. हीच मोटर आता उलट काम करत होती; चाकं तिला फिरवत होती आणि ती वीज करत होती. "ही बघा," मी म्हटलं, "ही फुकटची वीज." काही वळणांतच सगळ्या पट्ट्या भरल्या. बाण नाहीसा झाला आणि इंजिन एकाएकी चढ्या आवाजात ओरडू लागलं.

"पेट्रोल पितंय की!" बाबा.

पीत नव्हतं. बॅटरीत जागा उरली नव्हती. म्हणून गाडी ती वीज इंजिन नुसतं फिरवण्यात घालवत होती, पेट्रोल न जाळता. इंजिन हवा दाबत राहतं, त्यात जोर खर्च होतो आणि ब्रेक तापत नाहीत. गिअरच्या दांड्यावर 'बी' असतं ते याचसाठी. लांब उतारावर ते टाकावं.

केरीच्या वर एका वळणावर थांबलो. खाली अंजुण्याचं धरण पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेलं होतं. बाबांनी डायरी काढली आणि मला हिशेब करायला लावला. गाडी, माणसं आणि सामान मिळून दीड हजार किलो; उतार साधारण सातशे मीटर. एवढ्या उतारातून येणारी शक्ती विजेच्या बिलाच्या भाषेत पावणेतीन युनिटांच्या पुढे जाते. त्यातलं एकाच्या आसपास टायर आणि वारा खातात. उरली जवळपास दोन युनिटं. आमच्या गाडीची बॅटरी आहे पाऊण युनिटाची, आणि ती टिकावी म्हणून गाडी तिला कधी पूर्ण रिकामी करत नाही, कधी पूर्ण भरत नाही. म्हणजे प्रत्यक्ष जागा असते फार तर एक तृतीयांश युनिट.

बाबा खाली धरणाकडे बघत म्हणाले, "म्हणजे बंधारा लहान आणि पाऊस मोठा. भरला की सांडव्यावरून वाहून जायचं."

वीज कुठून येते, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथं मिळालं. ती येते पेट्रोलमधून, नाहीतर ब्रेक मारताना आणि उतारावर जे वाया गेलं असतं त्यातून. तिसरीकडून नाही. म्हणून ही गाडी घाटापेक्षा गावात जास्त कमावते. थोडं थांबायचं, थोडं निघायचं, थोडं साठवायचं, लगेच वापरायचं. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर आपण दहा मिनिटं उभे असतो तेव्हा इंजिन बहुतेक वेळ बंद असतं. लांबून सिग्नल लाल दिसला आणि पाय आधीच उचलला, तर वेग मोटरकडे जातो. शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक मारला, तर बराचसा चकत्या तापवण्यात जातो.

केरीपासून पुढे रस्ता जवळजवळ सपाट. भरलेल्या बॅटरीवर दोनेक किलोमीटर आम्ही माडांच्या सावलीतून आवाजाशिवाय गेलो. साखळीत आत्याच्या अंगणात गाडी उभी केली तरी कुणी बाहेर आलं नाही. बाबा दार उघडून उतरले, पुडा हातात घेऊन पायरीवर उभे राहिले. आत्या पाठमोरी काहीतरी निवडत बसली होती.

"अगो, आलोय मी," बाबा म्हणाले.

ती दचकलीच. "केन्ना आयलात?" चाळीस वर्षांच्या गोव्यानं तिच्या तोंडी बसवलेली कोंकणी आधी बाहेर पडते, मराठी मागून येते. "गाडीचा आवाज कसा आला नाही रे? तुझी गाडी वळणावर आली की मला कळायचं. मी चहा टाकायची." मग ती बाबांच्या डोळ्यांकडे बघत राहिली आणि पुढे काही बोलली नाही. ओवाळताना तिनं ताम्हन जरा जवळ आणलं, त्यांना दिसेल इतकं.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. आता तोच घाट चढायचा होता. बॅटरी पहिल्या काही वळणांत संपली आणि पुढचा सगळा चढ इंजिनानं एकट्यानं ओढला. जाताना पडद्यानं अ‍ॅव्हरेज दाखवलं होतं ३१, येताना दाखवलं १९. बेळगावात शिरताना मी म्हटलं, "सरासरी २५. वाईट नाही."

बाबांनी त्याच पंपावर, त्याच नोझलवर टाकी फुल्ल करायला लावली. ६.७ लिटर बसलं. मीटरवर १५६ किलोमीटर. त्यांनी भिंग काढून डायरीत भागाकार केला: २३.३.

"पंपावर गडबड असेल," मी म्हटलं.

"पंपावर नाही, तुझ्या हिशेबात आहे," बाबा म्हणाले. "जाताना लागलं अडीच लिटर, येताना चारच्या वर. तू आकड्यांची सरासरी काढलीस, पेट्रोलची नाही काढलीस."

मी दिवसभर संगणकावर आकड्यांशीच खेळतो, आणि मला अंतर भागिले लिटर हे साधं गणित चुकलं होतं. पडद्याचे दोन्ही आकडे खरे धरले तरी उत्तर २३.६ येतं, म्हणजे पडदाही फार खोटं बोलत नव्हता. फक्त उतरतानाचा आकडा सांगून मित्रांत मिरवणारा मीच होतो. तेव्हा कुणी हायब्रीडचं अ‍ॅव्हरेज सांगितलं, तर "जातायेता की नुसतं जाताना?" हे जरूर विचारा. कंपनीचा आकडा ठरलेल्या चाचणीतला असतो. त्या चाचणीत चोर्ला नसतो.

त्या दिवसापासून डायरी पुन्हा सुरू झाली. आता बाबा मुद्दाम माझ्याबरोबर येतात. त्यांच्या नोंदींवरून आमच्या गाडीचं चित्र असं दिसतं: गावात वीस-पंचवीस मिनिटांची फेरी असेल तर २३-२४. कोल्हापूरच्या रस्त्याला ऐंशीच्या वेगानं तेवढंच, शंभरच्या पुढे गेलो की १८. आणि सर्वांत वाईट म्हणजे सकाळी थंड गाडी काढून दोन किलोमीटरवर भाजीला जाणं: १४. कारण इंजिन आणि धूर साफ करणारी नळी गरम होईपर्यंत इंजिन चालू राहतं, बॅटरी भरलेली असली तरी. त्या नोंदीपुढे शेरा आहे: 'चालत जाणे.' आता आम्ही चालतच जातो, आणि रस्ता ओलांडताना ते माझा दंड धरतात.

संक्रांतीला पुन्हा साखळीला गेलो, तिळगूळ घेऊन. या वेळी घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत मी बटणाला हात लावला नाही, उतारावर 'बी' टाकलं आणि बाबा न्यूट्रलबद्दल काही बोलले नाहीत. साखळीत आत्याच्या घराआधीचं वळण आलं. गाडी बॅटरीवर होती, आत गाण्याचाही आवाज नव्हता. बाबांना ते वळण नीट दिसलं नसणार, पण ते कुठं आहे हे त्यांना माहीत होतं.

"हॉर्न वाजव की," ते म्हणाले.

मी वाजवला. आम्ही अंगणात पोहोचलो तेव्हा आत्या दारात उभी होती आणि आत चहा उकळत होता. बाबांनी डायरी काढली, मीटरचा आकडा मला मोठ्यानं वाचायला सांगितला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'हॉर्न, एकदा.'