मु. पो. दिवाणामागची फट

श्रीमती गोचीडबाई यांस,
दिवाणामागची फट, तिसरा मजला, पुणे.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेले ३९ दिवस आपल्या घराण्यातलं कुणीही दिसलेलं नाही. ना आमच्या वाघ्या कुत्र्याच्या कानात, ना पडद्याच्या चुणीत, ना देवघराच्या भिंतीवर. आपल्या सहा वर्षांच्या संबंधांत एवढा अबोला कधी नव्हता. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, याचा आनंद झाला आहे. मला मात्र धास्ती वाटते. पाऊस नुकताच लागलाय, हवा दमट झालीय, आणि अशा हवेत तुमच्याकडे बाळंतपणं सुखरूप होतात हे मला चांगलं ठाऊक आहे.

'श्रीमती' लिहिलेलं वाचून चमकला असाल. आम्ही जन्मभर 'तो गोचीड' म्हणत आलो. पण फुगून एरंडाच्या बीएवढी झालेली, करड्या-निळसर अंगाची, भिंतीवरून सावकाश वर निघालेली जी दिसते ती बाईच असते, हे वाघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. तुमच्यातले बाप्ये चपटेच राहतात. आणि एरंडाची उपमा माझी नव्हे हो. लॅटिनमध्ये तुम्हाला 'रिसिनस' म्हणत. बी अगदी तुमच्यासारखी दिसते म्हणून एरंडालाही तेच नाव पडलं. एका अख्ख्या झाडाला तुमचं नाव! इकडे ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातही तुम्ही आहातच, हाताशी असलेलं दूध सोडून रक्त पिणाऱ्यांचा दाखला म्हणून. तेव्हा आपण खानदानी आहात, याबद्दल वाद नाही. तक्रार वेगळी आहे. तिच्याकडे येतेच, आधी घरची खुशाली सांगते.

वाघ्या बरा आहे. आता सहा वर्षांचा झाला. मनी मांजर बरी आहे आणि नेहमीसारखी कुणाशी बोलत नाही. नाना बँकेतून हेड कॅशिअर म्हणून निवृत्त झाले ते तुम्ही जाणताच, कारण त्यांच्या हिशेबात तुम्ही रोज असता. संध्याकाळी सहाला, बातम्यांच्या आधी, नाना चष्मा कपाळावर चढवून भिंग घेतात आणि वाघ्याला वर्तमानपत्रावर आडवा करतात. कानाच्या घड्या, मानेचा पट्टा सोडून त्याखालची जागा, काखा, बोटांची बेचकी, शेपटीचं मूळ. मग वहीत नोंद: तारीख, ठिकाण, संख्या, शेरा. 'डावा कान ३, बेचके २, पैकी १ मृत.' काही नसेल त्या दिवशी लाल शाईने 'निरंक'. हेच नाना पहिली दोन वर्षं वाघ्याला देवघराच्या उंबऱ्याशी फिरकू देत नव्हते. आता त्यांच्या मांडीवर डोकं ठेवल्याशिवाय त्याला झोप येत नाही. एवढ्यापुरते तुमचे आभार मानायला हवेत. मानले. पुढे जाऊ.

माझं आजोळ खटाव तालुक्यातलं. तिथे आजी धारेच्या आधी गाईच्या कासेवरून, कानामागून तुमच्या नातलगांना चिमटीत धरून उपटायची आणि रॉकेलच्या डबड्यात टाकायची. जे खाली पडायचे ते कोंबड्या टिपायच्या. आम्हा पोरांना तो खेळच वाटायचा. त्यामुळे गोचीड ही उपटायची वस्तू, अशी माझी ठाम समजूत होऊन बसली. वाघ्या घरी आल्यावर मीही तेच आरंभलं. रॉकेल लावून पाहिलं, त्याची कातडी सोलवटली. जळकी काडी टेकवायचा सल्ला एका शेजाऱ्याने दिला, तो नशिबाने मी ऐकला नाही. अशाने तुम्ही तोंड सोडत तर नाहीच, उलट पोटातलं त्याच्या अंगात ओकता म्हणे. कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ घातली; वाघ्याला छान वास आला आणि तुम्हालाही आवडला असावा. नखाने चिरडलं तर भिंतीवर डाग आणि बोटाला रक्त. पाण्याच्या वाटीत टाकलं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही वाटीच्या काठावर हजर. बुडून मरायचं असतं हेसुद्धा तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. आता बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरते, पीळ न देता सरळ वर ओढते आणि झाकणाच्या बाटलीतल्या स्पिरिटमध्ये सोडते. बाटली नानांच्या टेबलावर असते. पाहुण्यांना ते काळे मनुके वाटतात.

पण खरी गोम मला फार उशिरा कळली. आजीच्या गाईवरची ती जात जवळजवळ सगळं आयुष्य एकाच गाईवर काढते. पिल्लू म्हणून चढते, तिथेच कात टाकते, तिथेच मोठी होते, आणि उतरते ती अंडी घालायलाच. तुमची तऱ्हा निराळी. तुम्ही तीनदा चढता आणि तीनदा उतरता. सहा पायांचं पिल्लू येऊन पोटभर पितं, उतरून फटीत जातं, कात टाकून आठ पायांचं होऊन परततं. पुन्हा पिणं, पुन्हा फट. मग मोठी झाल्यावर तिसरी पंगत. त्यानंतर आठवडाभर पिऊन टम्म झालेली माऊली भिंत चढते, चौकटीमागे किंवा घड्याळामागे हजारोंनी अंडी घालते आणि तिथेच देह ठेवते. कुत्रा नसेल तर मोठी झालेली गोचीड महिनोन् महिने, कधी वर्षाहून जास्त, उपाशी बसून राहू शकते. म्हणजे वाघ्या ही तुमची नुसती खानावळ. बिऱ्हाड आमच्या घरात. आणि मी बाई पाच वर्षं खानावळीवर धाडी घालत होते!

आता तक्रार. तीन वर्षांपूर्वीचा भाद्रपद आठवतो का? वाघ्याने तूप लावलेली पोळी हुंगून तोंड फिरवलं, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. अंग तापलेलं, हिरड्या पांढुरक्या. रात्री अडीचला पांढऱ्या फरशीवर त्याच्या नाकातून रक्ताचा थेंब पडला, मग दुसरा. डॉक्टर म्हणाले, टिक फिवर. तुझ्या लाळेतून एर्लिकिया नावाचा जंतू त्याच्या पांढऱ्या पेशींत शिरला होता. चांगल्या कुत्र्याच्या प्लेटलेट्स दोन लाखांच्या वर असतात. त्याच्या २२ हजार होत्या. इथे मी तुला 'तू' म्हणते आहे, कारण त्या रात्री मी तुला 'तू'च म्हणाले होते, आणखीही बरंच काही म्हणाले होते, आणि नाना देवघरात बसून ऐकत होते. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, रोज पोट भरल्यावर, नाहीतर ओकायचा. पंधराव्या दिवशी तो बरा दिसायला लागला, तेव्हा उरलेल्या गोळ्या थांबवाव्यात असं मला वाटलं होतं. डॉक्टरांनी फोनवरच झापलं. २८ म्हणजे २८.

त्या २८ दिवसांत मी तुमच्या घराण्याचा इतिहास वाचून काढला. (पुन्हा 'तुम्ही'वर येते. राग उतरला नाही, पण पत्र आहे.) मलेरियाच्या डासाला रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत पकडलं ते १८९७ साली, आणि त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात आलं. त्याच्या चार वर्षं आधी, १८९३ मध्ये, अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांचा ताप गोचीड पसरवते हे सिद्ध केलं होतं. ते कुणाला माहीत नाही. तुम्हाला प्रसिद्धी नको असते, हा तुमचा सगळ्यात घातक गुण. तुमच्या रानातल्या भावकीनेही हेच केलं. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने पडू लागली. तो विषाणू ओळखला आमच्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने. तोच 'माकडताप' २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला काजूच्या बागांत काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचला. ती जात वेगळी, रान वेगळं, तुमचा त्यात हात नाही, हे मान्य. तुम्हाला कुत्राच आवडतो. पण घरात फार झालात की माणसालाही सोडत नाही, आणि तुमच्यापासून माणसाला टिक टायफस होतो, तेव्हा फार साळसूदपणा नको.

दुसरा गुन्हा तुमचा नाही, माझा आहे. तो कबूल करते. वाघ्याच्या तापाच्या पुढच्या वर्षी एका दुकानातून मी कुत्र्याच्या अंगावर सोडायचं औषध आणलं. दुकानदार म्हणाला, "कुत्रा-मांजर दोघांना चालतं." वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा मी केला. त्यात परमेथ्रिन होतं. कुत्र्याला ते सोसतं. मांजराच्या शरीराला ते मोडून बाहेर टाकता येत नाही. मनीला मी थेंबही लावला नव्हता. पण ती झोपते वाघ्याच्या पोटाला पोट लावून. दुपारी तिचे कान फडफडू लागले, मग पंजे, मग सगळं अंग थरथरायला लागलं. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुतली आणि टॉवेलात गुंडाळून रिक्षाने नेली. दोन रात्री ती तिकडे राहिली. त्यानंतर घरात नियम झाला: औषधाच्या खोक्यावर मांजराचं चित्र आहे का ते नाना भिंगातून बघणार, मगच खोकं उघडणार. तिच्या पिसवांचंही औषध आता वेगळं येतं. (पिसवांना मी वेगळं पत्र लिहिणार आहे. मनी अंग चाटताना पिसू गिळते आणि मग तिच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे जंताचे तुकडे दिसतात. हे जेवताना सांगू नये, पण तुम्ही काही जेवताना लाजत नाही.)

तिसरा गुन्हाही माझाच. वाघ्याला आता महिन्याची गोळी आहे, वजनावर ठरते. काट्यावर आधी मी एकटी उभी राहते, मग त्याला उचलून. वजाबाकी नाना करतात आणि माझंच वजन मोठ्याने वाचतात. कधी फिट आली होती का, हे डॉक्टरांनी गोळी देण्याआधी दोनदा विचारलं. ही गोळी रक्तात उतरते, त्यामुळे तुम्ही चावा घेतल्यावरच तुम्हाला बाधते. म्हणजे तुम्ही वाघ्यावर दिसणार, पण एक-दोन दिवसांत मरणार. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "गोचीड दिसते म्हणजे औषध नकली." मीही डगमगले. वर गेल्या दिवाळीनंतर थंडी पडली, आता कुठल्या गोचिडी, म्हणून गोळी बंद केली. अहो, थंडी रानातल्यांना. तुम्ही तर आमच्याच पांघरुणाच्या कपाटामागे राहता! संक्रांतीला तिळाच्या वड्या थापताना पडद्यावरून तिळाएवढी पिल्लं ओळीने चढताना दिसली. मी आधी तीळच सांडलेत समजून वेचायला गेले.

मग मात्र घर हलवलं. अकरा वर्षांत न सरकलेला दिवाण सरकवला. मागे तुमची वसाहत होतीच, शिवाय माझं हरवलेलं कानातलं आणि नानांची २०१९ ची पासबुकं सापडली. (हे दुसरे आभार.) भिंतीच्या फटी, दाराच्या चौकटी, स्विचबोर्डाच्या कडा व्हाइट सिमेंटने बुजवल्या. वाघ्याची गोधडी दर आठवड्याला कढत पाण्यात. फवारणी करणारा आला, मनीला आणि वाघ्याला तेवढा दिवस नणंदेकडे पाठवलं. अंड्यांना फवारा फारसा बाधत नाही, म्हणून तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा बोलावलं. पहिल्या खेपेनंतर पैसे वाचवणारे लोक मला माहीत आहेत. त्यातली एक मी होते.

आता विनंती. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार कुत्री राहतात. त्यांच्या गोळीसाठी वर्गणी काढू या, असं मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले, एक हात जोडलेला आला आणि एकाने गुड मॉर्निंगचं फूल पाठवलं. तेव्हा चौघांची गोळी मीच देते, चपातीत घालून. त्यातला लंगडा गोळी थुंकतो, त्याच्याशी तुम्ही संगनमत करू नये. जिन्याने वर येऊ नये. पडद्यावर चढू नये. आणि आमच्या घरात कुठे एखादी उपाशी बसली असाल, तर कृपया यापुढेही उपाशीच राहावे. वाघ्याची गोळी आता बाराही महिने चालू राहील, दिवाळीतही.

कळावे, लोभ मुळीच नसावा.

आपली,
वाघ्या आणि मनीची आई

ता. क. : नानांची वही संपली. काल त्यांनी नवी आणली, दोनशे पानी. पहिल्या पानावर रकाने आखून झाले आहेत.