घर आणि शेजार

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावर भल्या मोठ्या चोचीचा एक पक्षी आहे. त्याचे नाव विल्यम. हा महाधनेश १८९४ साली पिल्लू असताना कारवारहून सोसायटीच्या कचेरीत आला आणि १९२० पर्यंत तिथेच नांदला. सव्वीस वर्षे एकाच कचेरीत! आमच्या प्राध्यापकांतही अशी निष्ठा विरळाच.

कारवारचे नाव निघाले की त्याच जिल्ह्यातला, उत्तर कन्नडच्या सदाहरित रानातला, आणखी एक रहिवासी मला आठवतो : सिंहपुच्छ वानर. काळेभोर अंग, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला गोंडा.

दोघेही फळांवर जगणारे, उंबराच्या जातीच्या झाडांचे भोक्ते. पण दोघांच्या गरजा निराळ्या. धनेशाला हवे घर. तेही जुन्या, प्रचंड झाडाच्या ढोलीत. मादी आत शिरून ढोलीचे तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. पुढे तीन-चार महिने नर त्या फटीतून तिला फळे भरवतो. हे मी घरी सांगितले, तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, ''आणि तुम्हाला कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी तीनदा आठवण करावी लागते!''

वानराला ढोली नको, शेजार हवा. फांदीला फांदी भिडलेली असली की त्याचा संसार सुखाचा. मध्ये चहाचा मळा किंवा रस्ता आला की धनेश पंख पसरून पलीकडे जातो. वानराचा कळप मात्र अलीकडेच अडकतो. तमिळनाडूत वाल्पारैला रस्ता ओलांडताना हे वानर मोटारींखाली सापडू लागले, तेव्हा झाडांना झाडे जोडणारे पूल टांगावे लागले. रानात ते आता जेमतेम चार हजार उरले असावेत. २०११ मध्ये कर्नाटकाने अघनाशिनीच्या खोऱ्यात त्यांच्यासाठी रान राखले, ते म्हणूनच मोलाचे.

या दोघांत अधिक बिचारा कोण? आम्ही चिंचवडच्या वाड्यातून रावेतला बाराव्या मजल्यावर आलो, तेव्हापासून माझे मत वानराकडे झुकले आहे. घर ऐसपैस मिळाले. पण समोरच्या बिऱ्हाडाचे आडनाव मला दारावरच्या पाटीमुळेच ठाऊक आहे. आई मात्र रोज सकाळी दार सताड उघडून उंबऱ्याशी भाजी निवडत बसते. पहारेकरी येऊन सांगतो, ''आजी, दार लावून घ्या.''

''लिंपून घ्यायला मी काय धनेशीण आहे?'' आई विचारते, आणि समोरचे दार उघडते का पाहते.