जुना कॅमेरा, नवा कॅमेरा आणि आपला यवतमाळ जिल्हा

मोबाईल आज प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला डीएसएलआर कॅमेरा पुष्कळ घरांच्या कपाटात सापडतो. अशा घरांत एक प्रश्न अधूनमधून निघतोच : आता नवा घ्यावा का? आमच्या घरीही तो वर्षभर घोळत होता. आम्ही दोघेही शिक्षकी पेशातले. पगार ठरलेला, खर्चही ठरलेला. मुलगी बारावीला, पुढच्या वर्षी तिच्या प्रवेशाचा खर्च. हौसेला आमची ना नाही, पण हौस कुठे संपते आणि इसराफ कुठे सुरू होतो, हे तपासून घ्यायची घरची शिस्त आहे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठरवले की दुकानात जाण्याआधी दोन्ही कॅमेरे घेऊन आपला जिल्हा फिरायचा.

आमचा जुना कॅमेरा निकॉन डी-३१००. हे मॉडेल २०१० साली आले. आम्ही २०११ मध्ये घेतले. नागपूरला शिकणाऱ्या भाच्याकडे त्याच मालिकेतला डी-३५०० आहे. तो २०१८ चा. कंपनीने आता त्याचे उत्पादन थांबवले आहे, त्यामुळे घ्यायचा तर बहुधा वापरलेलाच घ्यावा लागतो. भाच्याने आपला कॅमेरा आठवडाभरासाठी दिला आणि वर सांगितले, “मामू, दोन्हींवर एकच लेन्स लावून बघा, म्हणजे फरक कळेल.” सल्ला शहाणपणाचा होता.

कमरा आणि कॅमेरा

निघण्यापूर्वी थोडे शब्दाविषयी. कॅमेरा हा शब्द अरबीतून आला, असे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. खरे पाहता तो लॅटिन आहे. अर्थ छत असलेली खोली. आपल्या उर्दूतला ‘कमरा’ त्याच मुळाचा, पोर्तुगीजांमार्फत आलेला. मात्र अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा शास्त्रशुद्ध अभ्यास इब्न अल-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी केला होता. त्यांचा ‘किताब अल-मनाझिर’ हा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपने तो अभ्यासला. अंधाऱ्या खोलीला ते ‘अल-बैत अल-मुझलिम’ म्हणत.

वर्गाच्या खिडक्या बंद करून पुठ्ठ्याला छिद्र पाडले की समोरच्या भिंतीवर बाहेरचे झाड उलटे दिसते. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. आजचा कॅमेराही तीच खोली आहे. छिद्र किती मोठे, ते किती वेळ उघडे आणि आतला पडदा किती संवेदनशील, या तीन गोष्टींवर फोटो ठरतो. तिसऱ्या गोष्टीला आयएसओ म्हणतात. नवा कॅमेरा मुख्यतः या तिसऱ्या गोष्टीत पुढे असतो, हे आम्हाला तीन दिवसांत दिसून आले.

सहस्रकुंडाचे ऊन

पहिल्या दिवशी दारव्ह्याहून दिग्रस, पुसद, उमरखेड असा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणी सुरू झालेली. उमरखेडच्या पुढे पैनगंगा अभयारण्याचा पट्टा लागतो आणि मग पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. नदीचा एक काठ आपल्या जिल्ह्यात, दुसरा नांदेड जिल्ह्यात. काळ्या खडकांच्या खाचांतून पाणी अनेक धारांनी कोसळते. खडक शेवाळलेले असतात, तेव्हा मुलांचा हात सोडू नये आणि फोटोसाठी कडेला जाऊ नये.

दुपारच्या लख्ख उन्हात दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच जागेवरून फोटो काढले. घरी संगणकावर लावून पाहिले, तर कोणता कोणाचा हे आम्हा चौघांपैकी कोणालाच ओळखता येईना. जुन्याचे १४.२ मेगापिक्सेल, नव्याचे २४.२. आकडा मोठा वाटतो, पण फोटोच्या लांबी-रुंदीत फरक पडतो तो साधारण ३० टक्क्यांचा. भिंतीवर लावायच्या १२ बाय ८ इंचांच्या फोटोला जुना कॅमेरा पुरून उरतो. ज्यांचे फिरणे दिवसाढवळ्याचे आहे, त्यांनी केवळ मेगापिक्सेल पाहून पैसे घालवू नयेत.

परतताना एका शेतात कापूस वेचणाऱ्या बाया दिसल्या. आधी उतरून विचारले. दोघींनी नको म्हटले, त्यांच्याकडे कॅमेरा वळवला नाही. एका आजीने मात्र हसून ओटी सावरली आणि उभी राहिली. पुसदच्या एका स्टुडिओतून तिचा फोटो छापून ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. आपल्या लेकी-सुनांचा फोटो कोणी न विचारता काढलेला आपल्याला चालत नाही; दुसऱ्यांच्या घरच्या बायांनाही तोच हक्क आहे.

मोतीबागचे रूळ

दुसऱ्या दिवशी लांब गेलो नाही. आमच्या दारव्ह्याचेच मोतीबाग स्टेशन गाठले. इथून शकुंतला जायची. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाईन १९०३ सालची, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांना पोहोचवण्यासाठी ती घातली गेली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिला ओढत होते. पुढे डिझेल इंजिन आले. गरिबाची गाडी म्हणून तिची ओळख. आमच्या घरच्या किती जणी बाळंतपणाला माहेरी याच गाडीने गेल्या.

आता गाडी धावत नाही. रुळांवर गवत आहे. दोन्ही कॅमेऱ्यांनी त्या गवताचे छान फोटो आले. पण आमच्याकडे २०१२ च्या हिवाळ्यात डी-३१०० ने काढलेले फोटो आहेत : खिडकीतून हात हलवणारी पोरे, दारात बसलेला दूधवाला, डब्यात मांडीवर टोपली घेतलेली आमची अम्मी. ते फोटो जगातला कोणताही नवा कॅमेरा आता काढू शकत नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेजचे काम सुरू आहे आणि २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब टप्पा खुला झाला. नवी गाडी इन्शाअल्लाह आपल्यापर्यंतही येईल, तिचेही फोटो काढू. मात्र ‘चांगला कॅमेरा आल्यावर काढू’ म्हणून आज समोर असलेले सोडू नये, एवढे मोतीबागने पक्के शिकवले.

टिपेश्वरची पहाट

तिसऱ्या दिवसासाठी आदल्या रात्रीच पांढरकवड्याला मुक्कामाला गेलो. फजरची नमाज आटोपून सुन्ना गेटवर पोहोचलो. टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे, सागाचे आणि गवताळ माळांचे. पावसाळ्यात ते बंद असते. २०१९ साली इथला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ निघाला आणि तेलंगणातून फिरत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. लोकांनी त्याचे नाव ‘वॉकर’ ठेवले.

वाघ म्हणजे या भागात नुसते कौतुक नव्हे. राळेगाव–पांढरकवडा परिसरात माणसांवर हल्ले झाले, कित्येक घरांनी आपली माणसे गमावली. टी-१ नावाची वाघीण शोधण्यासाठी जंगलात ठिकठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते. पट्ट्यांवरून वाघ ओळखला जातो. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली. फोटो शोभेपुरता नसतो, तो साक्षही देतो, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

आम्हाला वाघाचे पंजेच दिसले. पण अर्धवट उजेडात सांबराची मादी पिलासह रस्ता ओलांडून गेली आणि इथे दोन्ही कॅमेऱ्यांतला फरक उघड झाला. लांबच्या लेन्सचे छिद्र लहान, प्राणी हलता, फ्लॅश वापरता येत नाही. आयएसओ वाढवण्याखेरीज मार्ग नव्हता. जुन्याने ३२०० वर फोटोत रवा पसरल्यासारखे दाणे दाखवले. नव्याने ६४०० वरही पिलाच्या अंगावरचे केस राखले. जुना सेकंदाला ३ फोटो काढतो, नवा ५. नव्याची बॅटरीही दिवसभर पुरली. कंपनीच्या हिशेबाने जुन्याची ५५० फोटो चालते, नव्याची १,५५०. जंगलात पहाटे-संध्याकाळी वारंवार जाणाऱ्यांसाठी नवी बॉडी हा इसराफ म्हणता येणार नाही.

अम्मीचा फोटो

शेवटची परीक्षा घरी झाली. अम्मीचे वय ८० च्या पुढे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला फ्लॅश सहन होत नाही. मगरिबनंतर एका बल्बच्या उजेडात ती तस्बीह घेऊन बसते, आणि तसाच फोटो आम्हाला हवा होता. कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सने जुन्यावर दाणेदार आणि जरा हललेला फोटो आला, नव्यावर बरा. मग भाच्याचीच ३५ मिमी एफ १.८ लेन्स जुन्यावर लावली. तिचे छिद्र मोठे. त्याच ठिकाणी सुमारे ६ पट प्रकाश आत येतो. आयएसओ ८०० वर आणला, शटरही थोडे वेगाने चालले, आणि अम्मीच्या हाताची प्रत्येक सुरकुती स्वच्छ उमटली. फोटो पाहून ती म्हणाली, “हे माझ्या अम्मीचे हात दिसतात.”

निर्णय तिथेच झाला. आमचे फोटो बहुतेक घरातले आणि उन्हातले. जंगल वर्षातून एखादे वेळी. बॉडीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेच्या साधारण तिसऱ्या हिश्शात तशीच वापरलेली लेन्स मिळाली. उरलेले पैसे मुलीच्या प्रवेशासाठी ठेवले. पुढे बॉडी घेतलीच, तर हीच लेन्स तिच्यावर चालेल.

ज्यांना बॉडीच घ्यायची आहे, त्यांनी वापरलेली घेताना आतापर्यंत किती फोटो निघाले, तो शटरचा आकडा आवर्जून पाहावा. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचे शटर साधारण १ लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेले असते. मोकळ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का ते तपासावे. जुन्या लेन्स नव्यावर लावून बघाव्यात. उलट बाजूही लक्षात ठेवावी : निकॉनच्या ‘एएफ-पी’ लेन्स डी-३१०० सारख्या जुन्या बॉडीवर फोकस करत नाहीत. दुकानदाराने सांगितले म्हणून न घेता आपली बॉडी सोबत नेऊन लावून पाहावी.

आणि निर्णय होईपर्यंत जो कॅमेरा घरात आहे, तो चार्ज करून ठेवावा. घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो या आठवड्यातच काढावेत, छापून घ्यावेत आणि मागे नाव व तारीख लिहून ठेवावी.