आत्तीच्या हातावरची वर्तुळं

सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे. डी.फार्म. झालो, परवाना भिंतीवर लावला, तेव्हा औषधांतलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. तो माझ्या आत्तीनं मोडला, तिच्याही नकळत.

आत्ती कोरेगावकडची. बहात्तराव्या वर्षी तिच्या अंगावर पित्त उठू लागलं. दिवेलागणीला सुरुवात व्हायची आणि रात्रभर गांधीलमाशी चावल्यासारख्या लाल गांधी. आमसुलाचं पाणी लावून झालं, काळं घोंगडं पांघरून झालं. वांगं, अंडी, मसूर ताटातून गेले. चार महिन्यांनी ती माझ्याकडे आली. "आरं, खाजंनं जीव नकोसा झालाय बघ," म्हणाली.

मी डॉक्टरांची चिठ्ठी नसताना फेनिरामिनची पट्टी काढून दिली. पित्तावरची जुनी, स्वस्त गोळी. खाज थांबली, आत्ती झोपू लागली, मला कोण समाधान! दिवसाही डुलक्या घ्यायची, बोलताबोलता शब्द विसरायची. ते मी वयावर ढकललं. आठव्या रात्री लघवीला उठली आणि मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली. मनगट मोडलं. ही गोळी मेंदूपर्यंत पोचते, म्हाताऱ्या माणसाला गुंगी आणते, गोंधळवते, लघवीही अडवू शकते, हे सगळं परीक्षेत लिहून मी पास झालो होतो.

मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी खाण्याचं नंतर विचारलं, आधी गोळ्यांचं. आत्तीनं पिशवी उपडी केली. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक निघालं. अशा वेदनाशामकांनी पित्त भडकू शकतं. वर्षभर ते एसटीनं कोरेगावला पाठवणारा मीच होतो. बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी आत्तीच्या हातात बॉलपेन दिलं. उठलेल्या गांधीभोवती गोल काढायचा आणि चोवीस तासांनी पाहायचं. गांध तिथंच राहिली, काळानिळा डाग पडला, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका घ्यायची. दुसऱ्या दिवशी आत्तीच्या हातावर नुसती वर्तुळं उरली होती, गांधी पाठीवर गेल्या होत्या. सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललेल्या अशा पित्ताचं कारण खाण्यात क्वचितच सापडतं, बाई म्हणाल्या. पुष्कळदा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती कातडीतल्या मास्ट पेशींना डिवचते, त्यातून हिस्टामिन सुटतं आणि गांध उठते. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी झाली. मग गुंगी कमी आणणारी नव्या पिढीची गोळी, पण खाज सुटेल तेव्हा नव्हे, रोज. गुडघ्याला पॅरासिटामॉल. "आणि वांगं खाऊ द्या हो त्यांना," असंही त्यांनी सांगितलं. कृष्णाकाठी येऊन आत्ती वांग्याशिवाय राहिली होती!

पुढं दीडेक वर्षानं पित्त थांबलं, गोळीही बंद झाली. मनगट मात्र थोडं वाकडंच जुळलं. त्याच हातानं ती मला भाकरी वाढते.

पित्ताची गोळी मागायला कुणी वयस्कर माणूस आलं की आता मी आधी त्यांची पिशवी बघतो, मग डॉक्टरांकडे पाठवतो. आणि ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर माझ्या दुकानाची पायरी चढूच नका. रिक्षा करा आणि थेट दवाखाना गाठा.