बसलेला हात

नुंगंबाक्कमच्या रेल्वेस्थानकाला कोणी प्रेक्षणीय स्थळ म्हणणार नाही. चेन्नई बीच ते तांबरम या उपनगरी मार्गावरचे ते एक साधे स्थानक आहे. या मार्गावर १९३१ सालीच विजेच्या गाड्या धावू लागल्या. मुंबईत हा पालट त्याआधी सहा वर्षे, १९२५ साली, घडला होता. म्हणजे माझी ही दोन्ही शहरे, जन्माने लाभलेले मुंबईजवळचे आणि पोटापाण्यासाठी पत्करलेले हे, वाफेच्या इंजिनाशी असलेला रोजचा संबंध फार लवकर तोडून मोकळी झाली. एग्मोरच्या अभिलेखागारात जुनी कागदपत्रे वाचण्याच्या कामानिमित्त मी नुंगंबाक्कमला येऊन राहिलो, तेव्हा येथल्या फलाटावर कधी वाफेच्या इंजिनाची वाट पाहत उभा राहीन असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

वाफेच्या इंजिनांचा मला जुना नाद आहे. हा नाद कोठून आला असे कोणी विचारले की मी माझ्या वडिलांकडे बोट दाखवीत असे. आण्णा कुर्डुवाडीच्या शेडमध्ये आधी फायरमन आणि पुढे ड्रायव्हर होते. मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर हा अडीच फुटी रुळांचा मार्ग म्हणजे एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली सुरू केलेल्या बार्शी लाइट रेल्वेचा विस्तार. १९५४ साली ती सरकारच्या मालकीची झाली. आषाढीच्या दिवसांत वारकऱ्यांनी ओसंडणाऱ्या त्या लहानग्या गाड्या, पहाटे शेडमधून येणारी वाफेची सुस्कारी, आण्णांच्या कपड्यांना येणारा कोळशाचा आणि तेलाचा वास, या साऱ्यावर माझे बालपण पोसले गेले. आता तेथे रुंद रूळ आले आहेत आणि त्या गाड्या केवळ आठवणीत उरल्या आहेत.

म्हणूनच की काय, जेथे जेथे वाफ जिवंत ठेवली आहे तेथे तेथे मी भाविकाच्या निष्ठेने जात आलो. आदमजी पीरभॉय यांनी १९०७ साली नेरळहून माथेरानला नेलेल्या छोट्या गाडीची जुनी इंजिने पाहिली. दार्जिलिंगला बाजारपेठेच्या दुकानांना अंग घासत जाणारी गाडी पाहिली. १९७७ साली सुरू झालेल्या दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात तासन्‌तास रेंगाळलो. मेट्टुपालयमहून कुन्नूरला चढणारी निलगिरीची गाडी तर माझी विशेष आवडती. तेथे दर बारासाडेबारा फुटांमागे एक फूट चढ आहे. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलेली आहे आणि इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात दात रोवून एकेक पाऊल वर चढते. इंजिन पुढून ओढत नाही, मागून ढकलते. प्रत्येक डब्यावर ब्रेक धरणारा एक माणूस उभा असतो. या प्रवासाचा आनंद कशात आहे, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. माझ्या मते तो यात आहे की वाफेच्या इंजिनात काहीही झाकलेले नसते. दांडा कोणत्या चाकाला ढकलतो, वाफ कोठून सुटते, श्रम केव्हा वाढले आणि केव्हा कमी झाले, हे सारे डोळ्यांना दिसते व कानांना ऐकू येते. विजेचे इंजिन काम करते; वाफेचे इंजिन काम करताना दिसते.

काही वर्षांपूर्वी एका राष्ट्रीय सणाच्या दिवशी एग्मोर ते कोडंबाक्कम अशी वारसा-गाडी धावणार, आणि तिला 'ईआयआर २१' हे इंजिन जोडणार, असे कळले. लीड्सच्या किटसन, थॉम्प्सन आणि ह्युइट्सन यांच्या कारखान्यात १८५५ साली घडलेले हे इंजिन ईस्ट इंडियन रेल्वेसाठी बंगालमध्ये आले, १९०९ साली सेवेतून निवृत्त झाले आणि त्यानंतर शंभरएक वर्षे जमालपूर व हावडा येथे नुसते शोभेचे म्हणून उभे राहिले. २०१० साली पेरांबूरच्या कार्यशाळेने ते पुन्हा चालते केले. त्याचे जुळे भावंड म्हणजे 'फेअरी क्वीन'. तेही १९९७ सालापासून दिल्ली–अलवर मार्गावर धावू लागले होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांपैकी एकही आज पाहावयास मिळत नाही, हे ज्याला बोचते अशा माणसाला त्यांच्यापेक्षा जेमतेम काही वर्षांनी धाकटे इंजिन आपल्या दाराशी येणार म्हटल्यावर काय वाटेल, ते सांगावयास नको. आणखी एक योगायोग मला सुखावून गेला. बार्शी लाइट रेल्वेची पहिली इंजिनेही लीड्सच्या किटसनकडूनच आली होती.

आण्णा त्या वेळी ऐंशी ओलांडून गेले होते आणि काही दिवस माझ्याकडे राहावयास आले होते. मी त्यांना बातमी सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "इंजिन काय बघायचं असतं? आयुष्य गेलं ना माझं त्यात."

तरी ते आले. फलाटावर बरीच माणसे जमली होती. मुले पित्यांच्या खांद्यांवर चढली होती. इंजिन दिसू लागले तेव्हा प्रथम त्याचा धूर दिसला. काळा, दाट, आभाळात फुलत जाणारा. लोकांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. पुरुषभर उंचीचे ते मधले चाक, लखलखणारे पितळ, मागे जोडलेला एकच डबा, आणि शिट्टी! माझे डोळे भरून आले. मी आण्णांकडे पाहिले. ते इंजिनाकडे पाहतच नव्हते. त्यांची मान वर होती, ते धूर पाहत होते.

"काळा आहे," ते म्हणाले.

"सुंदर दिसतो ना?"

"सुंदर कसला? काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. आमच्या वेळी असा धूर निघाला की ड्रायव्हर बोलायचा नाही, नुसता बघायचा. त्या बघण्यानं जेवण जायचं नाही दिवसभर." थोडे थांबून ते म्हणाले, "पण यांचा काय दोष? रोज कुठं करतात हे? वर्षातून एखाद्या वेळी. हात बसायला रोज लागतं."

घरी परतताना मी गप्प होतो. ज्या धुरासाठी मी डोंगर चढलो, छायाचित्रे काढली, लेख लिहिले, तो धूर माझ्या वडिलांच्या लेखी कामातली चूक होती. चांगल्या फायरमनच्या इंजिनातून धूर जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती वाफ. चाळीस वर्षे मी माझ्या आवडीचे मूळ म्हणून ज्यांचे नाव सांगत आलो, त्यांच्या कामाविषयी मला एवढीही गोष्ट ठाऊक नव्हती. मी त्यांना कधी विचारलेच नव्हते.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन बसलो आणि विचारू लागलो. आण्णा प्रथम संकोचले, मग खुलले. कोळसा भट्टीच्या दोन्ही अंगांना आणि मागच्या कोपऱ्यांत जाड, मध्ये पातळ, असा टाकावा. एकदम ढीग टाकू नये. थोडा थोडा, वरचेवर. दार उघडले की थंड हवा शिरते, म्हणून दार उघडणे, फावडे फिरवणे आणि दार लावणे या तिन्ही क्रिया एका दमात झाल्या पाहिजेत. काचेच्या नळीत दिसणाऱ्या पाण्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. चढावर पाणी मागे सरकते आणि नळी खोटे बोलते. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे धावते आणि भट्टीचा माथा उघडा पडण्याचा धोका असतो, म्हणून माथा येण्याआधीच बॉयलरमध्ये पाणी घेऊन ठेवावे. "पुढचा रस्ता आधी पोटात असावा लागतो," असे ते म्हणाले.

मी व्यवसायाने जुने कागद वाचणारा. जतन म्हणजे काय, हा प्रश्न आम्हा मंडळींना नवा नाही. 'ईआयआर २१'चे गंजलेले आणि गहाळ झालेले कितीतरी भाग नव्याने घडवावे लागले. मग आज जे धावते ते १८५५चे इंजिन म्हणावे काय, असा आक्षेप घेणारे विद्वान मला भेटले आहेत. त्यांना मी एकनाथांची आठवण करून देतो. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, म्हणून तो ग्रंथ परका झाला नाही. पण नाथांना ती शुद्धी करता आली याचे कारण ओवी त्यांच्या घरात वाचली जात होती, गाइली जात होती, रचली जात होती. ओवीवर हात बसलेला होता. ज्या लिपीचा वाचक उरला नाही तिचे बाड कितीही निगुतीने कपाटात ठेवले तरी ते मुकेच राहते. मोडी वाचणाऱ्या माझ्या पिढीने हे प्रत्यक्ष अनुभवले आहे. इंजिनाचेही तसेच आहे. लोखंड टिकवणे सोपे नाही, परंतु ते शक्य आहे. त्या लोखंडापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचे मनगट टिकवणे फार अवघड.

या बाबतीत तिरुचिरापल्लीजवळच्या पोनमलई कार्यशाळेविषयी मला विशेष आदर वाटतो. निलगिरीची मूळ इंजिने स्वित्झर्लंडच्या विंटरथूर येथे घडलेली. त्यांना केवळ ठिगळे लावत बसण्याऐवजी पोनमलईच्या कारागिरांनी २०११ सालापासून त्याच घडणीची नवी इंजिने बांधली. चित्तरंजनला वाफेच्या इंजिनांची निर्मिती १९७२ साली थांबली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. माझ्या दृष्टीने तेथे वारसा सांभाळला गेला तो जुन्या वस्तूत नव्हे, नव्याने घडवू शकणाऱ्या हातांत. हे मी आण्णांना कौतुकाने सांगितले. त्यांतली काही इंजिने कोळशाऐवजी तेलावर चालतात, हेही सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे फावडं गेलंच की."

फावडे कसे फिरवावे, हा माझा शेवटचा प्रश्न होता. तो शब्दांत सांगता येईना, तेव्हा ते उठले. नुंगंबाक्कमच्या त्या अरुंद सज्जात त्यांनी हातातली काठी फावड्यासारखी धरली, गुडघे किंचित वाकवले, कंबर वळवली, आणि अगदी शेवटच्या क्षणी मनगटाला एक हलकी कलाटणी दिली. "हे बघ. इथं. कोळसा पडत नाही, पसरतो." मी पुन्हा दाखवा म्हटले. त्यांनी तीनदा दाखवले. मग दम लागला म्हणून ते बसले.

आण्णा आता नाहीत. मी अजूनही जुनी इंजिने पाहावयास जातो आणि अजूनही मला आनंद होतो. मात्र आता आधी धुराकडे पाहतो, आणि मग भट्टीपाशी वाकलेल्या त्या अनोळखी माणसाच्या हाताकडे. त्या संध्याकाळची वही माझ्यापाशी आहे. पाण्याविषयी, दाराविषयी, कोळशाच्या थराविषयी तीत नऊ पाने भरली आहेत. दहाव्या पानावर 'मनगट' एवढा एकच शब्द आहे.