नुसते हात

थ्रिलरची सुरुवात म्हणजे सुरा आणि रक्त, असं गटात सगळ्यांचं मत. मला ते पटेना. ‘सेव्हन’ (१९९५) या चित्रपटाची कायल कूपरने केलेली नामावली पाहा. नुसते हात, वही, ब्लेड. चेहरा नाहीच, तरी अंगावर काटा येतो.

आमच्याकडे एक मोबाइल, एक टॉर्च, हॉस्टेलचा जिना आणि बेळगावचा फुकटचा पाऊस. दोन मिनिटं म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे २८८० फ्रेम. म्हणून आधी वहीत चित्रं काढली : किल्ली, ओल्या पायऱ्या, अर्धवट उघडं दार.

खुनी झालेला मित्र रुसला. “नुसते हात? मग आईला काय दाखवू, सांग की!”

म्हटलं, “तुझा चेहरा दिसला की प्रेक्षक सुटला. तोवर तो आपला.”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “नखं कापून येऊ, की तशीच ठेवू?”